रानमोजणी करणाऱ्या मुलीने अकरावीला गणित सोडावे का?

प्रश्न : आम्ही कुरखेडा तालुक्यातील एका खेड्यात राहतो, धानाची शेती आहे. मुलीने यंदा दहावीची परीक्षा दिली. वर्षभर ती विज्ञानाच्या सरांबरोबर गावालगतच्या रानात दोरी बांधून झाडांचे घेर आणि खालची रोपे मोजत होती आणि शाळेच्या संगणकावर उपग्रहाची चित्रे पाहत होती. मार्चच्या चित्रात आमचे रान लालसर दिसले, म्हणून जंगल आजारी पडत असल्याचे मुलांनी प्रकल्पात लिहिले. आता तिला यातच पुढे शिकायचे आहे. नातेवाईक म्हणतात, गणित सोडून नीटची तयारी करू द्या, रानात फिरून पोट भरत नाही. वाघाचीही धास्ती आहेच. काय करावे? – एक पालक, जि. गडचिरोली

उत्तर : सप्रेम नमस्कार. गणित सोडू देऊ नये, हे आधीच सांगतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित हे चारही विषय तिने घ्यावेत. नीटला गणित लागत नाही हे खरे, पण ते घेतल्याने नीटची वाट बंद होत नाही. उलट ते सोडल्यास ज्या विषयाची तिला गोडी लागली आहे त्याचा निम्मा भाग तिच्या हातून जाईल.

तो कसा, हे तिच्याच प्रकल्पावरून सांगतो. झाडाचे हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. उपग्रह हे दोन्ही मोजतो. त्यांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागले की ‘एनडीव्हीआय’ हा हिरवेपणाचा निर्देशांक मिळतो. तो जेथे कमी, तेथे मुलांच्या चित्रात लालसर रंग आला असावा. मार्चमध्ये हा आकडा आपल्याकडे घसरणारच, कारण साग तोवर बहुतेक निष्पर्ण झालेला असतो आणि ही पानगळ म्हणजे आजार नव्हे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर विद्यापीठाने १९९१ मध्ये ‘फॉरेस्ट वॉच’ हा उपक्रम सुरू केला. त्यात शाळकरी मुले पांढऱ्या पाइनच्या सुईसारख्या पानांवर हवेतील ओझोनच्या प्रदूषणाने पडलेले डाग तपासत आणि लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या चित्रांशी त्यांची सांगड घालत. पाइन सदाहरित असल्याने तेथे हिरवेपणा घटला की शंका घेणे रास्त ठरते; आपल्या पानझडी रानाला तोच नियम जसाच्या तसा लावता येत नाही. मार्चची तुलना ऑक्टोबरशी न करता आधीच्या चार-पाच वर्षांतील मार्चशी करावी लागते. लँडसॅटची जुनी चित्रे विनामूल्य मिळतात, त्यामुळे हे काम शाळेच्या संगणकावरही होण्यासारखे आहे.

याउलट पावसाळा सरता सरता, रान हिरवेगार असायला हवे तेव्हाच एखाद्या पट्ट्यात आकडा खाली आला, तर मात्र तेथे जाऊन पाहावे. सागाच्या पानाचा हिरवा गर खाऊन केवळ शिरांची जाळी मागे ठेवणारी अळी आपल्या भागात त्याच सुमारास दिसते. चित्रात फक्त करपलेला रंग येतो. तो अळीचा, तोडीचा की उथळ मुरमाड जमिनीचा, हे पान हातात घेतल्याशिवाय ठरत नाही.

हिरवे दिसते ते सगळे निरोगी असते असेही नाही. झाडोऱ्याखाली घाणेरीचे तण माजले तरी उपग्रहाला हिरवेच दिसते. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो आणि त्यात मोहाची कोवळी रोपे जळतात. वरून मोठ्या झाडांचा डेरा भरगच्च दिसत राहतो, पण त्यांच्या जागी उद्या उभे राहणारे एकही रोप खाली नसते. ही नोंद तुमच्या मुलीसारखी जमिनीवर गुडघे टेकून रोपे मोजणारी व्यक्तीच करू शकते, आणि माझ्या मते तिच्या प्रकल्पाचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे.

मोजणीतही थोडी शिस्त हवी. घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घ्यावा, उतारावर ती उंची चढाच्या बाजूने धरावी, फितीखाली वेल अडकू देऊ नये आणि त्याच जागी रंगाची खूण करावी, कारण वर्षभरातील वाढ इतकी थोडी असते की फीत चार बोटे वरखाली झाली तरी ती हिशेबातून निसटते. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातील एक चौकोन १० मीटरचा असतो आणि दाट झाडीत मोबाइलचा जीपीएस काही मीटर चुकतो. म्हणून मोजणीसाठी आखलेला १० मीटरचा छोटा प्लॉट त्या चौकोनावर नेमका बसेलच असे नाही. एकसारख्या रानात ३० मीटरचा प्लॉट आखणे बरे.

आता पोटापाण्याविषयी. वनविद्येची पदवी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात घेता येते. ती नको असल्यास वनस्पतिशास्त्र किंवा संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावी आणि पुढे सुदूर संवेदनाकडे, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास करण्याकडे, वळावे. या पदव्यांवर यूपीएससीची भारतीय वन सेवा परीक्षा देता येते. एमपीएससीमार्फत सहायक वनसंरक्षक आणि वनपरिक्षेत्र अधिकारी ही पदे भरली जातात. पण जागा मोजक्या असतात, तेव्हा केवळ परीक्षांच्या भरवशावर राहू नये. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरातच आहे, आणि डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य चालवते. शिवाय २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये आपल्याच जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावच्या जंगलाचा वापर व व्यवस्थापन करण्याचे हक्क, मिळाले आणि त्यानंतर आपल्या जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांना ते मिळाले. या ग्रामसभांना आपल्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करावा लागतो, आणि प्लॉटची नोंद व नकाशा दोन्ही जाणणारी माणसे गावात सहसा मिळत नाहीत. हे काम पगाराचे असेलच असे नाही, पण अनुभव म्हणून त्याची किंमत मोठी आहे.

वाघाची धास्ती मुळीच अनाठायी नाही. मुलांनी एकट्याने किंवा पहाटे-सायंकाळी रानात जाऊ नये. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची लेखी परवानगी, सोबत शिक्षक आणि वनरक्षक असल्याखेरीज मोजणी करू नये, आणि परिसरात वाघाचा वावर असल्याचे कळल्यास तो आठवडा सोडून द्यावा.

चारही विषय एकत्र देणारे कनिष्ठ महाविद्यालय कुरखेड्यात आहे, की त्यासाठी देसाईगंज किंवा ब्रह्मपुरी गाठावे लागेल, याची चौकशी दहावीच्या निकालाची वाट न पाहता आताच करून ठेवावी, कारण ग्रामीण भागात काही ठिकाणी विज्ञान शाखा असूनही गणित शिकवायला शिक्षक नसतो.