सिरियलचं नंतर, आधी घसा दाखव

पत्र थोडक्यात असं: सोलापूरचा चौतीस वर्षांचा नट, संगीत नाटकं आणि राज्य नाट्य स्पर्धा करत मोठा झालेला. मुंबईच्या एका डेली सोपची ऑफर आलीय, नाटक बसवणारे सर म्हणतात गेलास तर परत तालमीला येऊ नकोस, बायको म्हणते जा. "ताई, काय करू?"

अरे बाळा, सर कसे हेकट आहेत यावर दोन पानं लिहिलीस आणि मधेच एका ओळीत "दिवाळीपासून दुसऱ्या अंकात आवाज बसतो, जेष्ठमध धरून निभावतो" असं लिहून पुढं गेलास? आता संक्रांतीची गड्ड्याची जत्रा पण होऊन गेली! आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर घशाच्या डॉक्टरला दाखवायचंच असतं. जेष्ठमधानं बरं वाटतं, पण ते स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही, गुळण्याही नाही, आणि कुजबुजत बोलून आवाज वाचवतोय असं वाटत असेल तर तेही बंद कर, त्यानं उलट ताण येतो. तालमीनंतर रात्री बाराला झणझणीत रस्सा ओरपून लगेच आडवं होणं पण घशाला बाधतं.

सरांची बाजू घेत नाहीये मी, पण तुझीही घेणार नाही. मला पत्र वाचून वाटलं की तुला सिरियल हवीय ती कॉलरला माईक असतो म्हणून. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत शब्द जात नाहीये आता, हे तुला कळलंय आणि तू घरात कुणाला बोलला नाहीस, सरांना तर नाहीच, ते बिचारे समजतायत पोरगं पैशामागं चाललंय. आणि सिरियलमध्ये घसा सुटतो असं कोण म्हणालं? दिवस दिवस शूटिंग, तेच रडणं तेच ओरडणं रीटेकला परत.

विक्रम गोखल्यांनी 2016 मध्ये घशाच्या त्रासामुळं रंगभूमी सोडली, कॅमेऱ्यासमोर काम करत राहिले, पण ते सगळ्यांना सांगून. तू लपवून चाललायस. आणि डॉक्टरकडं जायला नटाला कमीपणा कसला, श्रीराम लागू स्वतःच कान-नाक-घशाचे सर्जन होते की.

सिव्हिलला कान-नाक-घशाची ओपीडी असते, खाजगीत जायचं तर तिथं जा, पण याच आठवड्यात जा. दुर्बिणीनं स्वरयंत्र बघतात, काही मिनिटांचं काम आहे. नुसत्या छोट्या गाठी असल्या तर बहुतेक वेळा आवाजाला विश्रांती आणि स्पीच थेरपीवर भागतं, दुसरं काही असलं तर ते लवकर कळलेलं बरं. मला काळजी वाटते रे, म्हणून चिडून लिहितेय.

मुंबईवाल्यांना आठ दिवस थांबा म्हणून फोन कर. रिपोर्ट आला की तो घेऊन आधी सरांच्या घरी जा, बायकोला बरोबर ने, आणि मग मला परत लिही.