वडिलांनी कुलमुखत्यारपत्र करून दिलंय, पुढे त्यांची समज गेली तरी ते चालेल का?

तुमचे वडील ६८ वर्षांचे, तब्येत ठणठणीत, तुमच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र केलेलं. उद्या त्यांना डिमेन्शिया झाला तर त्यावर बँकेची कामं आणि फ्लॅटची विक्री करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही येणार. भारतीय करार कायदा १८७२, कलम २०१: मुखत्यारी देणारा वारला किंवा मनोविकल झाला, की मुखत्यारी संपली. म्हणजे ज्या दिवसासाठी तुम्ही तो कागद केलात, त्याच दिवशी तो निकामी होतो.

आम्हाला हे फार उशिरा कळलं. माझे बाबा नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. २०१६ मध्ये वकिलांनी कुलमुखत्यारपत्राचा मसुदा पाठवला, तर बाबांनी तो लाल पेनने तपासून परत धाडला. एक वेलांटी आणि दोन अनुस्वार चुकले होते. दुय्यम निबंधकांकडे फोटो, अंगठे सगळं झालं, बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो आणि मला वाटलं, सुटलो.

२०२१ पर्यंत बाबा रात्री दोनला उठून प्रुफं आली का विचारायला लागले होते. ब्यूरोकडून दिवसाचा एक आणि रात्रीचा एक माणूस ठेवला. त्या खर्चासाठी सिंहगड रोडचा फ्लॅट विकायचं ठरलं आणि दादा इंग्लंडहून आला. घेणाऱ्यांचे वकील म्हणाले, मुखत्यारपत्र जुनं आहे, आजोबांना एकदा भेटू द्या.

ते घरी आले. करारनाम्याचा मसुदा बाबांच्या पुढ्यात ठेवला. बाबांनी चष्मा पुसला, खिशातलं लाल पेन काढलं आणि दुसऱ्या पानावर 'विक्रि'ची 'विक्री' केली. समासात खूणही अगदी बरोबर. दादा उजळला. "बघा, सगळं कळतंय त्यांना!" बाबा शेवटच्या पानापर्यंत गेले आणि 'लिहून देणार' या शब्दांखाली त्यांनी लिहिलं: छापण्यास हरकत नाही. खाली सही, तारीख १९८७ ची. मी विचारलं, "बाबा, हा कसला कागद आहे?" म्हणाले, "प्रेसचं काम आहे गं, सकाळी द्यायचंय."

मी वकिलांना सांगितलं, यांना कळत नाहीये. व्यवहार तिथेच मोडला.

दादा आजही म्हणतो की मी तोंड बंद ठेवायला हवं होतं, बाबांनी सही तर केली होती आणि नाहीतर मुखत्यारपत्र होतंच. त्याच्याकडे, इंग्लंडात, समज गेल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र असतं हे खरं आहे. २००५ च्या कायद्याने आलंय, पण त्याची तिथल्या सरकारी कचेरीत वेगळी नोंदणी करावी लागते. आपल्याकडे तशी सोयच नाही. बाबांची ती सही प्रुफावरची होती, घर विकायची नव्हती. शब्द दुरुस्त करता येणं म्हणजे व्यवहार कळणं नव्हे. ती सही चालवून घेतली असती, तर उद्या कोणीही तो करार कोर्टात उभा-आडवा फाडला असता, आणि माझ्या लेखी ती बाबांची फसवणूक होती.

मग पालक नेमून घ्यायला मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका, कारण डिमेन्शिया झालेल्याच्या मालमत्तेवर पालक नेमायला आपल्याकडे थेट कायदा नाही. १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, पण तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता यांपुरताच. डॉक्टरांचे अहवाल, सगळ्या वारसांची संमतीपत्रं (दादाचं सर्वांत शेवटी आलं), चौदा महिने. तोवर ब्यूरोचे पैसे माझ्या पगारातून गेले.

तेव्हा तुमच्या वडिलांना कळतंय तोवर त्यांच्यासोबत बसा. बँक खाती, ठेवी 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' करून घ्या, म्हणजे दोघांच्या नावे, पण कोणीही एकट्याने चालवावी अशी. नॉमिनी आणि मृत्युपत्र यांवर विसंबू नका, दोन्ही माणूस गेल्यावरच कामाला येतात. मालमत्ता मोठी असेल तर खाजगी ट्रस्टचा विचार करा, तो समज गेल्यावरही चालू राहतो, मात्र फ्लॅट त्यात घालायचा तर नोंदणी आणि मुद्रांक शुल्क आलं. उपचारांचं वेगळं. कृत्रिम श्वासावर ठेवायचं की नाही, यासाठी लिव्हिंग विल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, आणि तुमच्या वतीने बोलणाऱ्यांची नावं. मानसिक आजाराच्या उपचारांसाठी २०१७ च्या कायद्याखाली साध्या कागदावर प्रतिनिधी नेमता येतो, पण त्याला पैशांत हात घालता येत नाही.

घर आत्ताच मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून टाका, असं सांगणारे भेटतील. मी सांगणार नाही. केलंच तर सांभाळ करण्याची अट कागदात हवीच, म्हणजे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून घेता येतं.

मी वकील नाही, मसुदा वकिलाकडूनच करून घ्या. आणि थोडं विसरायला लागलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. सही करताना व्यवहार कळत असेल तर तो करार टिकतो, फक्त त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा.

गेल्या वर्षी मी माझी कागदपत्रं केली. साक्षीदार म्हणून सही कर असं दादाला म्हटलं, तर म्हणाला, अभद्र बोलू नकोस. बाबांनी तपासलेला तो मसुदा माझ्या कपाटात आहे, लाल खुणांसकट. दादाने शेवटचं पान अजून नीट वाचलेलं नाही.