विकसनशील देशांचं जागतिक अर्थव्यवस्थेतलं वजन खरंच वाढलंय, की हा नुसता आकड्यांचा खेळ आहे?

वाढलंय, पण किती ते तराजूवर ठरतं. देशोदेशीची स्वस्ताई-महागाई जमेस धरली, तर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशोबाने जागतिक उत्पादनात उदयोन्मुख आणि विकसनशील देशांचा वाटा साधारण 60 टक्के आहे. तोच डॉलरच्या बाजारदराने मोजला की 40 च्या आसपास उतरतो. त्यात पुन्हा चीनही धरलेला असतो! तो बाजूला काढला की उरलेल्यांचा आकडा बराच रोडावतो. म्हणून ‘विकसनशील देश पुढे आले’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, कोणते?

मला स्वतःला इंडोनेशियाच्या निकेलचं प्रकरण जास्त बोलकं वाटतं. स्टेनलेस स्टीलला आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या बऱ्याच बॅटऱ्यांना निकेल लागतं, आणि ते सर्वांत जास्त निघतं इंडोनेशियात. जानेवारी 2020 मध्ये तिथल्या सरकारने कच्च्या खनिजाची निर्यातच बंद केली. माल हवाय ना, मग भट्टी इथे लावा. युरोपीय महासंघ जागतिक व्यापार संघटनेत गेला, 2022 मध्ये निकाल इंडोनेशियाच्या विरोधात लागला. इंडोनेशियाने अपील ठोकलं. गंमत म्हणजे अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर 2019 पासूनच ठप्प आहे, कारण तिथल्या नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्या. तोवर सुलावेसी बेटावर मोरोवालीत भट्ट्या धडाधड उभ्या राहिल्या आणि निकेलच्या निर्यातीचं मोल कित्येक पटींनी वाढलं. अर्थात त्यातलं भांडवल बहुतांश चिनी, वीज कोळशाची. निव्वळ विजयकथा म्हणून ही सांगायला माझी जीभ रेटत नाही.

पण खरं घोडं पेंड खातं ते मतांपाशी. नाणेनिधीत मोठा बदल करायचा तर 85 टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे 16 टक्क्यांहून जास्त आहेत. ती नको म्हणाली की विषय मिटला. मतं ठरतात ती कोट्यावर, म्हणजे निधीतल्या प्रत्येक देशाच्या वाट्यावर. 2010 ची कोटा-सुधारणा लागू व्हायला जानेवारी 2016 उजाडलं, कारण अमेरिकी काँग्रेसने ती लटकवून ठेवली होती. एवढं होऊनही चीनचा कोटा साडेसहा टक्क्यांच्या आत आणि भारताचा जेमतेम पावणेतीन.

ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका या ब्रिक्स देशांनी शांघायमध्ये स्वतःची बँक थाटली ती बरीचशी याच चिडीतून. तिची कर्जं मात्र अजूनही मुख्यतः डॉलरमध्येच दिली जातात.