नाव उत्तराच्या खाली ठेव

जळगाव

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं. केळी-कपाशीच्या ऑनलाइन प्रश्नोत्तरांचं तुझं काम रावेर-यावलमधून चोपड्यापर्यंत पोचलं, याचा मनापासून आनंद झाला. लोक उत्तर न वाचताच माणूस बघून मत देतात, तर मताचं बटण काढून टाकू का, असं तू विचारलंस. काढू नकोस. पण त्या बटणातून लोकांना नेमकं काय विचारायचंय, ते आधी ठरव.

माझ्या मते मत लिखाणाला द्यायचं. पुढच्या वर्षी तोच प्रश्न घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसाला त्याचा उपयोग होणार असतो. समज, मृगबागेत, म्हणजे जून-जुलैत लावलेल्या केळीच्या बागेत, कोवळ्या झाडांवर हरण्या रोग आला. पानांवर पिवळे पट्टे, पोंगा (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) सडायला लागलेला. कुणीतरी फोटो टाकून प्रश्न विचारला. पंचक्रोशीत नाव असलेला, पुरस्कार मिळालेला बागायतदार लिहितो, अमुक औषध दोनदा मारा, झाड सावरेल. त्याखाली एखादा नवखा पोरगा लिहितो, हा विषाणू आहे, झाड बरं करणारी फवारणी नाही. मुळासकट उपटा, बागेबाहेर नेऊन पुरा, मावा आवरा आणि बागेत काकडी-भोपळ्याचं आंतरपीक घेऊ नका. बरोबर उत्तर पोराचं आहे. मतं नावाला पडली तर बागायतदाराचं उत्तर वर जाईल, आणि लोक फवारत बसतील तोवर मावा रोग घेऊन शेजारच्या झाडांवर गेलेला असेल. ज्यांनी अंगठे दिले त्यांचं काहीच बिघडणार नाही, बाग जाईल ती वाचणाऱ्याची.

आपल्याकडे तर नाव वाचलं की आडनाव, गाव, भावकी, कोणत्या पॅनलचा, सगळं एका दमात डोक्यात येतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ज्याच्याशी बोलणं तुटलं, त्याच्या ठिबकच्या सल्ल्यालाही उलटा अंगठा मिळतो. म्हणून पहिला बदल अगदी साधा सुचवतो: लिहिणाऱ्याचं नाव उत्तराच्या वर दाखवू नकोस, खाली ठेव. २००८ साली सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर, म्हणजे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर, ते तसंच खाली असतं. तिथे उत्तराला विरोधी मत पडलं तर लिहिणाऱ्याचे २ गुण जातात, आणि मत देणाऱ्याचाही १ जातो. एकाच माणसाची उत्तरं शोधून शोधून कुणी मतं देत सुटलं, बाजूने असो की विरोधात, तर यंत्रणा तो प्रकार ओळखून ती मतं रद्द करते. मैत्रीपोटी दिलेल्या मतालाही हाच न्याय आहे, आणि मला तो फार पटतो. दोस्ताच्या चुकीच्या उत्तराला दिलेला अंगठा दुष्मनाच्या बरोबर उत्तरावर काढलेल्या रागाइतकाच घातक.

तू म्हणशील, मग तिथे गुण माणसाच्या खात्यावर का जमतात? जमू देत. वेगवेगळ्या वाचकांनी वेगवेगळ्या वेळी एकेक उत्तर वाचून दिलेल्या मतांची ती बेरीज आहे. एखाद्याचं उत्तर आपण किती बारकाईने तपासायचं, एवढं तिच्यावरून ठरवावं. नवं उत्तर बरोबर आहे की नाही, ते तिच्यावरून ठरत नाही.

मतांचा आकडाही सुरुवातीला झाकून ठेव. २०१३ साली मुचनिक, अराल आणि टेलर या तिघांनी 'सायन्स'मध्ये एक प्रयोग मांडला. बातम्यांच्या एका संकेतस्थळावर काही प्रतिक्रियांना, कोणतीही निवड न करता, त्यांनी पहिलं अनुकूल मत स्वतःच देऊन टाकलं. त्यानंतर येणाऱ्या वाचकाने अनुकूल मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी फुगले. एका मताने एवढं होतं! त्यात वर ओळखीचं नाव असलं तर काय होईल, तूच विचार कर.

आणि विरोधी मताने माणूस सुधारतो अशी आशा धरू नकोस. २०१४ च्या एका अभ्यासात उलटंच दिसलं: ज्यांना विरोधी मतं पडली ते पुढे जास्त लिहू लागले, आणि ते लिखाण आधीपेक्षा वाईट होतं. उत्तर चुकीचं असेल तर काय चुकलं ते खाली दोन ओळींत लिहायला लोकांना सांग.

एका बाबतीत मात्र ओळख उघड हवी. उत्तर देणारा कृषी सेवा केंद्र चालवत असेल तर नावाशेजारी 'विक्रेता' असं दिसू दे. हा त्यांच्यावर अविश्वास नाही, आपल्या कित्येक शेतकऱ्यांना पहिला सल्ला त्याच दुकानात मिळतो. पण बाटली सुचवणाऱ्याचा त्या बाटलीशी संबंध काय, हे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे. मत तरीही सल्ल्यालाच पडू दे: मात्रा बरोबर आहे का, त्या पिकासाठी लेबल क्लेम, म्हणजे ते औषध वापरायची अधिकृत मान्यता, आहे का.

माणसालाच मत द्यायचे प्रसंगही येतात. मजकुराबद्दल बोला, लिहिणाऱ्याबद्दल नको, हा विकिपीडियाचा नियम आहे. पण प्रचालक (देखरेखीचे जादा अधिकार असलेला सदस्य) नेमताना तिथेच त्या माणसाची जुनी कामं, भांडणातली भाषा, चूक दाखवल्यावरचं वागणं, सगळं बघतात. तुलाही आता मदतीला दोघं-तिघं लागतील. त्यांची निवड वेगळी घे आणि त्या वेळी माणूस नीट पारखून घे. शिवीगाळीच्या तक्रारीसाठी वेगळं बटण कर, ती त्यांच्याकडे जाऊ दे. शिवीगाळीचा राग चांगल्या उत्तराच्या मतांवर निघायला नको.

त्या दोघा-तिघांत एक तरी शेतकरी बाई घे. निंदणीला वाकलेल्या बाईला कीड बहुतेक वेळा आधी दिसते, पण प्रश्न जातो नवऱ्याच्या मोबाईलवरून, त्याच्याच नावाने. नाव बघून मत देणाऱ्यांना ती कधी दिसणारच नाही. तुझ्या ओळखीत तशी कुणी असेल तर आधी तिलाच विचार, आणि ती काय म्हणाली ते मला कळव.

तुझे सर