ग्रेट ओशन रोडची एक दिवसाची टूर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही दोघं मेलबर्नला लेकीकडे आलोय, वय 66 आणि 63. समुद्राच्या कडेने जाणारा ग्रेट ओशन रोड बघायचाच आहे. लेक म्हणते छोट्या ग्रुपची गाइडवाली डे टूर घ्या. जावई म्हणतात कशाला पैसे घालवता, रविवारी मी नेतो. मोठ्या बसची टूर अजून स्वस्त दिसते. काय करावं?

उत्तर: आजोबा, जावई स्वतःहून नेतो म्हणतायत हे छानच आहे, पण त्यांच्यावर जरा दया करा. किनाऱ्याने जायचं आणि आतल्या कोलॅकच्या रस्त्याने परतायचं म्हटलं तरी साधारण 500 किमी होतात, बारा-तेरा तास सहज जातात, आणि टॉर्की सोडलं की अपोलो बेपर्यंत बराचसा रस्ता असा की एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला खाली समुद्र, त्यामुळे जो चालवतो त्याला समुद्र नाही, पुढचं वळणच दिसत राहतं. वर संध्याकाळी परत येताना कांगारू कधी रस्त्यात उडी मारेल नेम नाही. सोमवारी त्यांना ऑफिस असणार. दोन दिवस काढून अपोलो बेला मुक्काम करणार असाल तर मात्र बिनधास्त घरच्या गाडीने जा, त्यासारखं सुख नाही. एका दिवसात उरकायचं असेल तर लेकीचं ऐका.

आता छोटी गाडी की मोठी बस. स्पॉटची यादी सगळ्यांची सारखीच असते हो, मेमोरियल आर्च, कोआला, रेनफॉरेस्ट, ट्वेल्व्ह अपोस्टल्स (समुद्रात उभे असलेले चुनखडीचे सुळके), लॉक आर्ड गॉर्ज (उभ्या कड्यांमधली चिंचोळी खाडी), त्यामुळे यादी बघून काहीच ठरत नाही. बुकिंगआधी एकच विचारा, कुठे किती मिनिटं उभं राहायला मिळणार. पन्नास जणांची बस थांबली की सगळे उतरेपर्यंत पाच-सात मिनिटं जातात, मग टॉयलेटची रांग, मग चालत व्ह्यूपॉइंटपर्यंत, आणि परत येताना कोणीतरी सेल्फी काढत मागे राहिलेला असतोच, म्हणजे अर्ध्या तासाच्या थांब्यात कठड्याशी तुम्ही दहा-बारा मिनिटं. दहा-पंधरा जणांच्या मिनीबसमध्ये ही गळती कमी होते, फरकाचे पैसे आहेत ते त्याचेच. अपोस्टल्सला तासभर आणि लॉक आर्डला पाऊण तास देणारी टूर मिळाली तर डोळे झाकून घ्या, मग एखादा स्पॉट कमी असला तरी चालेल.

अजून एक म्हणजे केनेट रिव्हरला छोट्या गाडीचा गाइड तुमच्याबरोबर निलगिरीच्या झाडांखाली उभा राहून फांदीच्या बेचक्यातला राखाडी गोळा दाखवतो. तो कोआला. दिवसातले अठरा-वीस तास झोपतो, त्यामुळे फोटोत बहुतेक पाठच येते, वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न: काही कंपन्या उलट्या रूटची टूर देतात, आधी अपोस्टल्स आणि मग किनारा. ती चांगली का?

उत्तर: गर्दीसाठी चांगली. सरळ रूटच्या सगळ्या बसेस दुपारनंतर अपोस्टल्सला येऊन धडकतात, उलट्या रूटवाले आतल्या रस्त्याने सकाळीच पोचतात. पण ऑस्ट्रेलियात गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे मेलबर्नहून किनाऱ्याने जाताना समुद्र अगदी तुमच्या डाव्या खिडकीशी असतो आणि उलटं आलात की मध्ये समोरून येणाऱ्या गाड्यांची लेन येते. शिवाय जून-जुलैत पाचनंतर लगेच अंधार, थोडा जरी उशीर झाला तरी किनाऱ्याचा शेवटचा तुकडा काळोखात. म्हणून माझं मत, डिसेंबर-जानेवारीच्या गर्दीत उलटा रूट, तिथल्या थंडीत, म्हणजे जून-जुलैत, सरळ. सरळ रूटने गेलात तर डावी खिडकी पकडा.

प्रश्न: बारा अपोस्टल्स म्हणतात आणि उभे आठच आहेत असं वाचलं. मग एवढं लांब जाण्यात काय अर्थ?

उत्तर: अहो, बारा कधी नव्हतेच! नाव पडलं तेव्हाही नऊच मोजत होते, त्यातला एक जुलै 2005 मध्ये कोसळला. तो तिथला रोजचा कारभार आहे. कडा चुनखडीचा, दक्षिण महासागराच्या लाटा त्याला खालून कोरतात, आधी गुहा होते, ती आरपार झाली की कमान, कमानीचं छप्पर पडलं की समुद्रात एकटा सुळका उरतो. जवळच लंडन ब्रिज नावाचा खडक आहे, तो आधी दोन कमानींचा, जमिनीला जोडलेला होता. 15 जानेवारी 1990 ला त्याची जमिनीकडची कमान पडली आणि पलीकडे फिरायला गेलेले दोघं तिकडेच अडकले, शेवटी हेलिकॉप्टरने काढावं लागलं. हे माहीत असलं की नुसते दगड बघतोय असं वाटत नाही.

आणि लॉक आर्ड गॉर्ज अजिबात चुकवू नका. 1878 च्या जूनमध्ये लॉक आर्ड नावाचं इंग्लंडहून आलेलं जहाज इथे फुटलं, 54 पैकी दोघंच वाचले, टॉम पीअर्स हा शिकाऊ खलाशी आणि ईवा कार्माइकल ही प्रवासी तरुणी. टॉम किनाऱ्याला लागला होता, तिचा आवाज ऐकून परत पाण्यात गेला आणि तिला ओढून आणलं, मग कडा चढून मदत शोधायला गेला. लोकांना वाटलं आता या दोघांचं लग्न होणार, पण ती आयर्लंडला परत गेली. (आपल्याकडे असतं तर सिरियल निघाली असती.) ती चिंचोळी खाडी आणि दोन्हीकडचे उभे कडे समोर असताना ही गोष्ट ऐकायची, गाइड बोलका असेल तर इथेच पैसे वसूल.

प्रश्न: माझे गुडघे दुखतात आणि घाटात गाडी लागते. जमेल का?

उत्तर: जमेल. अपोस्टल्सच्या मुख्य व्ह्यूपॉइंटची वाट पक्की आहे, सावकाश चालत जाता येतं. गिब्सन स्टेप्सला मात्र 86 पायऱ्या उतरून बीचवर जायचं आणि तेवढ्याच चढायच्या, त्या सोडा, समुद्र खवळला तर त्या तशाही बंद ठेवतात. मेट्स रेस्टच्या रेनफॉरेस्टमधली वाट साधारण 800 मीटरची आहे, बराचसा लाकडी बोर्डवॉक, ती झेपेल. गाडी लागते ती बहुतेक लॉर्न ते अपोलो बे या टप्प्यात, तेव्हा बुकिंग करतानाच पुढची सीट मागून ठेवा, गोळी घेत असाल तर निघण्याआधीच घ्या, आणि त्या टप्प्यात मोबाइलमध्ये डोकं घालू नका. शाकाहारी जेवणाचंही बुकिंग करतानाच सांगा. छत्री घरीच ठेवा, तिथल्या वाऱ्यात उलटी होते, टोपीवालं विंडचीटर न्या, अगदी जानेवारीच्या तिथल्या उन्हाळ्यातसुद्धा.