परसदार जरूर सजवा, पण पर्सनल लोन काढून नको

प्रश्न : आम्ही चारकोपला रो-हाऊसमध्ये राहतो. मागे १२ बाय २० फुटांचं परसदार आहे, पण तिथे कपडे वाळत घालण्यापलीकडे काही होत नाही. घरी येणं-जाणं भरपूर आणि हॉल लहान. येत्या डिसेंबरात सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतील, चाळीसेक माणसं येतील. ठेकेदाराने ६ लाख ४० हजारांचं कोटेशन दिलंय : लोखंडी सांगाड्यावर पॉलीकार्बोनेटचं छप्पर २,१०,०००, लाकडी डेक १,४५,०००, सिंकसह बार्बेक्यूचा ओटा ९५,०००, फर्निचर ९०,०००, कृत्रिम गवत आणि भिंतीवरची उभी बाग ६०,०००, दिवे ४०,०००. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,३५,०००. घराचा हप्ता ३८,०००, घरखर्च ५२,०००, नववीतल्या मुलीच्या शिक्षणासाठी एसआयपी २०,०००. एफडी ५ लाख, बचत खात्यात ९०,०००. बँक १४ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी ६ लाखांचं पर्सनल लोन द्यायला तयार आहे. घ्यावं का?

उत्तर : ताई, परसदार जरूर करा. मुंबईत घरामागे २४० चौरस फूट मोकळी जागा असणं हेच मोठं भाग्य आहे, आणि ती माणसांनी भरावी ही तुमची इच्छा अगदी योग्य आहे. कर्ज मात्र घेऊ नका, आणि हे कोटेशनही आहे तसं मान्य करू नका.

आधी कर्जाचं बघू. ६ लाखांवर १४ टक्क्यांनी ६० महिन्यांचा हप्ता १३,९६१ रुपये बसतो. एकूण परतफेड सुमारे ८,३७,६००, म्हणजे नुसतं व्याज २,३७,६००. प्रोसेसिंग फी २ टक्के लावली तर १८ टक्के जीएसटी धरून आणखी १४,१६० जातात. वरचे ४०,००० तुमच्या खिशातले. म्हणजे ६ लाख ४० हजारांचं परसदार प्रत्यक्षात ८ लाख ९२ हजारांना पडतं. तुमच्याकडे सगळे खर्च आणि एसआयपी जाऊन महिन्याला २५,००० उरतात. त्यातले निम्म्याहून जास्त हप्त्यात जातील, आणि नेमक्या त्याच पाच वर्षांत मुलगी दहावी, बारावी करून कॉलेजात पोचेल.

गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, घ्यायचा मोह होईल, कारण त्याचा हप्ता लहान दिसतो. ९ टक्के आणि १५ वर्षं धरली तर हप्ता फक्त ६,०८६ येतो, पण एकूण व्याज ४ लाख ९५ हजारांच्या घरात जातं. करसवलतीसाठी हे करावं, असंही कोणी सुचवेल. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्ती-नूतनीकरणासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला फक्त ३०,००० वजावट मिळते, तीही २ लाखांच्या एकूण मर्यादेच्या आतच. नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी ती मिळतच नाही.

एफडीही मोडायची नाही. घरखर्च आणि हप्ता मिळून तुम्हाला महिन्याला ९०,००० लागतात. सहा महिन्यांचे ५ लाख ४० हजार होतात. तुमची एफडी ५ लाखांची, म्हणजे संकटकाळची गंगाजळी आधीच ४०,००० नी कमी आहे. एसआयपीला तर बोटही लावू नका. त्या पैशांना खर्चाची तारीख ठरलेली आहे.

“घराची किंमत वाढेल” हे ठेकेदार नक्की सांगेल. ते हिशेबात धरू नका. मुंबईत घराचा भाव कार्पेट एरियावर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळावर ठरतो आणि रेरा कायद्याच्या व्याख्येत उघडी जागा कार्पेटमध्ये येत नाही. डेकवर घातलेले दीड लाख विकताना परत मिळत नाहीत. हा निव्वळ खर्च आहे, आनंदासाठी केलेला, आणि त्यात गैर काही नाही. फक्त तो खर्च म्हणूनच मोजायचा. मुंबईत पावसाचं आगमन सर्वसाधारणपणे ११ जूनला आणि माघार ८ ऑक्टोबरला. हे चार महिने बाहेर बसणं जवळपास बंद. मे आणि ऑक्टोबर घामाचे. महिन्याला दोन-तीन बैठका धरल्या तरी वर्षाला अठराएक संध्याकाळी हाती येतात. सहा वर्षांच्या १०८ धरा. ८ लाख ९२ हजारांना त्यांनी भागलं, तर एक संध्याकाळ सुमारे ८,२६० रुपयांना पडते, जेवणाचा खर्च वेगळा.

आता कोटेशन. सर्वांत मोठी रक्कम छपराची आणि सर्वांत मोठा धोकाही तिथेच. घरामागची मोकळी जागा बांधकाम नियमांनुसार मोकळीच ठेवायची असते. तिथे कायमचं छप्पर घालायला सोसायटीची लेखी परवानगी लागते, महापालिकेची लागते, आणि जमीन म्हाडाच्या भाडेपट्ट्यावर असेल तर तिथलीही. परवानगीशिवाय उभं केलं आणि कोणी तक्रार केली, तर नोटीस येते, छप्पर उतरवायचा खर्चही तुमच्याच माथी आणि २,१०,००० भंगारात. चारकोप-कांदिवलीसाठी महापालिकेच्या आर दक्षिण विभाग कार्यालयाच्या इमारत व कारखाने खात्यात आधी विचारा. “सगळ्यांनीच घातलंय” हे उत्तर तिथे चालत नाही. शिवाय पॉलीकार्बोनेटखाली दुपारी भट्टी होते, पावसात आवाजाने बोलणं ऐकू येत नाही, आणि स्क्रूच्या भोकांतून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गळती सुरू होते. त्याऐवजी सोडवून ठेवता येईल असं कॅनव्हासचं छत घ्या. भिंतीत हूक, एका बाजूला दोन खांब, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात गुंडाळून माळ्यावर.

लाकडी डेक या हवेत मला मान्य नाही. फळ्यांखाली पाणी साचतं, वाळवी लागते, उंदीर-झुरळांना घर मिळतं, आणि पावसाळ्यात वरून शेवाळ धरून घसरगुंडी होते. वयस्क माणसं येणार आहेत, हे लक्षात घ्या. रफ फिनिशची कोटा दगडाची फरशी घाला, पॉलिशची नको. कृत्रिम गवत उन्हात तापतं आणि खाली ओल धरून कुबट वास मारतं, ते सरळ वगळा. सिंकसह ओटाही वगळा. खरकटं पाणी पावसाच्या गटारात सोडलं की चोंदलंच म्हणून समजा, आणि कायमचा बार्बेक्यू वर्षात तीन-चार वेळा पेटतो. लोखंडी शेगडी पुरते.

खरे पैसे जमिनीखाली घाला, कारण परसदार बिघडतं ते निचऱ्याने. फरशीचा उतार घराच्या भिंतीकडून कंपाउंडकडे ८० ला १ हवा, म्हणजे १२ फुटांत साधारण साडेचार सेंटिमीटर. कंपाउंडच्या कडेने २० फूट पन्हळ, तिच्यावर उचलता येणारी जाळी, आणि बाहेर जाणारा पाइप ११० मिलीमीटरचा. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे जुन्या कोब्यावरच नवी फरशी ठोकणं. कोटा आणि खालचा मसाला मिळून जमीन सहा-सात सेंटिमीटर वर येते, त्यात उताराची भर. मग स्वयंपाकघराचा उंबरठा फरशीच्या बरोबरीला येतो आणि पहिल्याच मुसळधार पावसात पाणी आत. फरशी झाल्यावरही ती दाराच्या उंबऱ्यापेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली राहिली पाहिजे. त्यासाठी जुना कोबा फोडावा लागला तर फोडा, आणि डेब्रिज उचलण्याचा खर्च कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्या.

दिवे आणि वायरिंग फरशीबरोबरच करा, म्हणजे पाइप खालून जातील. बाहेरच्या लाइनला स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारी) आणि चांगलं अर्थिंग. इथे काटकसर नको, ओल्या फरशीवर अनवाणी माणसं असतात. दिवे आयपी ६५ दर्जाचे, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारे, आणि पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचे, डोळ्यांच्या उंचीखाली. वरून एक झगझगीत हॅलोजन लावलं की माणसं पटापट जेवून उठतात. भिंतीवर एक फिरता पंखा हवाच. उकाडा आणि डास दोन्हींवर तो कुठल्याही महागड्या फर्निचरपेक्षा जास्त उपयोगी, कारण वाऱ्याच्या झोतात डासाला उडता येत नाही.

बसायला कंपाउंडला लागून विटांचा कट्टा बांधा, पन्हळीची जागा सोडून. उंची ४५ सेंटिमीटर, खोलीही तेवढीच. माणशी ६० सेंटिमीटर धरलं तर १२ फुटांच्या कट्ट्यावर सहा जण बसतात. समोर घडीच्या आठ खुर्च्या आणि एक घडीचं टेबल. जाण्यायेण्याला ९० सेंटिमीटरची वाट मोकळी ठेवा. कुंड्यांत मोगरा, अनंत, तगर, गवती चहा, कढीपत्ता लावा. कुंड्यांखाली ताटल्या ठेवू नका, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

रकमा अशा ठरवा. उतार, पन्हळ आणि कोटा यांना ७५,०००, वायरिंग, दिवे, पंखा यांना ३५,०००, कट्ट्याला ३०,०००, खुर्च्या-टेबलाला २५,०००, झाडांना १५,०००, छताला ३०,०००. बेरीज २,१०,०००, वर दहा टक्के अडीअडचणीचे धरून २,३१,०००. या मर्यादा आहेत. एखाद्या कामाचा दर वर गेला, तर आधी छत आणि खुर्च्यांवर कात्री लावा, निचऱ्यावर नाही.

हे पैसे कर्जाविना उभे राहतात. बचत खात्यात २०,००० ठेवून ७०,००० बाजूला काढा. उरणाऱ्या २५,००० पैकी १०,००० सणवार आणि अचानक खर्चाला ठेवा, १५,००० दर महिन्याला यात टाका. जानेवारी ते एप्रिलचे ६०,००० मिळून १,३०,००० होतात. जमिनीखालचं काम आणि वायरिंग, अडीअडचणीचे दहा टक्के धरून, १,२१,००० मध्ये मेच्या मध्यापर्यंत उरका. मे ते नोव्हेंबरचे १,०५,००० आणि शिल्लक ९,००० मिळून १,१४,००० जमतात. कट्टा, खुर्च्या, झाडं, छत यांना तसेच दहा टक्के धरून १,१०,००० लागतील. दिवाळीनंतर कामाला सुरुवात केलीत तर डिसेंबरच्या समारंभापर्यंत सगळं तयार. मधल्या पावसाळ्यात फरशीची परीक्षाही होऊन जाते. डिसेंबरनंतर तेच १५,००० तीन महिने एफडीकडे वळवा, म्हणजे गंगाजळीतली तूट भरून निघेल.

ठेकेदाराशी व्यवहार लेखी करा. दरात जीएसटी आहे की वेगळा, हे आधी विचारा. आगाऊ दहा टक्के, पुढचे पैसे काम मोजून टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचे दहा टक्के जूनचा पहिला मोठा पाऊस झाल्यावरच. ही अट आधीच कागदावर हवी. नंतर सांगितली तर कोणी ऐकत नाही. फरशी झाली की त्याच दिवशी नाही, मसाला वाळल्यावर, नळी सोडून १५ मिनिटं पाणी चालू ठेवा आणि डबकं कुठे राहतं ते खडूने रेखा.

राहिला प्रश्न चाळीस माणसांचा. २४० चौरस फुटांत चाळीस जण बसून जेवत नाहीत, कितीही खर्च केला तरी. आतबाहेर मिळून दोन पंगती करा, जास्तीच्या खुर्च्या त्या एका संध्याकाळीपुरत्या मंडप डेकोरेटरकडून भाड्याने आणा, आणि गाणी लावणार असाल तर स्पीकर दहाच्या आत बंद. शेजारच्या दोन घरांना मात्र जेवायलाच बोलवा.