फिरत्या पाळकासाठी गाडी घ्यायची तर पैसे कसे उभे करावेत?

प्रश्नकर्त्यांनी थोडक्यात असं विचारलं आहे: आठ गावांतल्या मंडळ्या (चर्चचे स्थानिक समुदाय) एकच पाळक सांभाळतात, सध्या एसटीने आणि कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून फिरतात. त्यांना गाडी द्यायची आहे. इतर धार्मिक गट असे पैसे कुठून आणतात, आणि त्यातलं आपल्याकडे काय जमेल?

आधी हिशेब करा, वर्गणी नंतर. बहुतेक मंडळ्या शोरूमची किंमत डोळ्यांसमोर ठेवून पैसे जमवतात, गाडी दारात येते, आणि दुसऱ्या वर्षी विम्याचा हप्ता कोणी भरायचा यावरून कमिटीत वाद लागतो. खरेदीसाठी एकदा पैसे देणारे पुष्कळ भेटतात. टायरसाठी दर वर्षी देणारे भेटत नाहीत.

हा पेच जुनाच आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतले मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे फिरते उपदेशक घोड्यावरून सर्किट, म्हणजे ठरलेल्या गावांची फेरी, करायचे. 1800 पर्यंत त्यांचं वर्षाचं मानधन 64 डॉलर होतं, त्यानंतर 80 झालं. घोडा ज्याचा त्याने आणायचा. जेवण, मुक्काम आणि घोड्याचा दाणा-वैरण ज्या घरी उतरेल त्या घराकडे. म्हणजे वाहन पाळकाचं आणि चालवण्याचा खर्च मंडळ्यांचा. आज ब्रिटनमधल्या मेथडिस्ट सर्किटांची पद्धत मुळात तीच आहे, फक्त दाण्याच्या जागी मैलाचा दर आलाय. तिथल्या करखात्याने 2011 मध्ये ठरवलेला दर पहिल्या 10,000 मैलांना 45 पेन्स आणि पुढे 25 पेन्स असा होता. त्या मर्यादेत दिलेल्या पैशांवर कर लागत नाही. अमेरिकेत 2025 चा कामाच्या प्रवासाचा दर मैलाला 70 सेंट होता. हे दर नुसत्या पेट्रोलचे नाहीत, हे लक्षात घ्या. त्यात घसारा (वापराने उतरणारी गाडीची किंमत), विमा, टायर, दुरुस्ती सगळं धरलेलं असतं. अमेरिकेत शिस्तही कडक आहे: झालेल्या खर्चाचा तपशील साधारण 60 दिवसांत द्यायचा, जास्तीची उचल 120 दिवसांत परत करायची, आणि घर ते नेहमीचं चर्च हा प्रवास कामाचा धरायचा नाही.

दुसरी पद्धत म्हणजे गाडीसाठीच निधी जमवणारी वेगळी संस्था. यातलं मोठं नाव ‘मिवा’. पाउल शुल्टे हे ओब्लेट या कॅथलिक संघातले जर्मन धर्मगुरू, पहिल्या महायुद्धात वैमानिक. त्यांचे मित्र फादर ओटो फुरमान 1925 मध्ये आजच्या नामिबियात आजारी पडून वारले. वेळेत दवाखान्यात न्यायला वाहन नव्हतं. त्यातून 1927 मध्ये ही संस्था उभी राहिली. ऑस्ट्रियातली मिवा 1949 पासून आहे आणि तिची पैसे मागायची रीत मला सगळ्यांत आवडते. जुलैमध्ये प्रवाशांचा संत क्रिस्तोफर याच्या नावाने एक रविवार ठेवतात आणि प्रत्येक वाहनचालकाला सांगतात, वर्षभरात अपघाताविना जेवढे किलोमीटर झाले तेवढ्यांसाठी किलोमीटरमागे एक दशांश सेंट द्या. 15,000 किलोमीटर चालवणाऱ्याचे 15 युरो होतात. रक्कम छोटी, कारण पटणारं, आणि दर वर्षी न लाजता मागता येते. तुमच्या मंडळ्यांतही दुचाकी-चारचाकीवाले असतील, किलोमीटरला पाच पैसे जरी धरले तरी 10,000 किलोमीटरचे 500 रुपये होतात. हंगामाच्या सणात अर्पण आलेल्या पिकाच्या लिलावापेक्षा हे बरं, कारण लिलावाचं उत्पन्न पावसावर हलतं.

अमेरिकेतल्या असेंब्लीज ऑफ गॉड या चर्च-संघटनेने 1944 मध्ये ‘स्पीड द लाइट’ नावाने हेच काम तरुण संघांकडे सोपवलं. मिशनऱ्यांची वाहनं आणि संपर्काची साधनं त्या पैशांतून येतात. त्याआधी, 1891 पासून, बाप्टिस्टांनी रेल्वेचे डबेच चर्च म्हणून फिरवले. डब्यांचा पैसा रॉकफेलरसारख्या धनिकांच्या गटाने उभा केला, आणि रेल्वे कंपन्या सुरुवातीला ते फुकट ओढून न्यायच्या. ती सवलत आटली तसे डबेही थांबले. दुसऱ्याच्या मेहरबानीवर चालणाऱ्या खर्चाचं असंच होतं.

आपल्याकडे गावोगावच्या हरिनाम सप्ताहात कीर्तनकाराला मानधन आणि गाडीखर्च वर्गणीतून मिळतो, म्हणजे फेरीमागे खर्च. जैन साधू-साध्वींच्या बाबतीत प्रश्नच वेगळा, ते वाहनात बसत नाहीत, संघाचा खर्च विहारातल्या, म्हणजे पायी प्रवासातल्या, सेवेवर होतो. फेरीमागे खर्च ही पद्धत महिन्यातून दोन-चार फेऱ्या असतील तर उत्तम, भाड्याची गाडी करा आणि मोकळे व्हा. आठ गावं आणि शिवाय आजारी माणसं, अंत्यविधी, लग्नं असतील तर ती परवडत नाही.

आता तुमचा हिशेब. महिन्याला 1,200 किलोमीटर, म्हणजे वर्षाला 14,400, आणि आठ लाखांची पेट्रोल गाडी असं धरू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा.

पेट्रोल 105 रुपये लिटर, लिटरला सरासरी 16 किलोमीटर: किलोमीटरला 6.56 रुपये.
चार टायर 22,000 रुपयांचे, 40,000 किलोमीटर चालतील असं धरून: 0.55.
सर्व्हिसिंग दर 10,000 किलोमीटरला 7,000: 0.70.
किरकोळ दुरुस्ती, पंक्चर, बॅटरी: 0.50.
विमा वर्षाला 20,000: 1.39.
आठ वर्षांनी गाडी अडीच लाखांना विकली जाईल असं धरून उरलेले साडेपाच लाख आठ वर्षांत साठवायचे: 4.77.

बेरीज 14.47. महिन्याला साधारण 17,400 रुपये. यात पेट्रोल निम्म्याहून कमी आहे, आणि मंडळ्या सहसा तेवढंच देतात. शेवटची 4.77 ची ओळ कमिटीत हमखास खोडली जाते, ‘ते पुढचं पुढे बघू’ म्हणून. ती खोडली तर आठ वर्षांनी पुन्हा शून्यापासून वर्गणी. ती रक्कम वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका, चालू खात्यात ठेवली की छताच्या पत्र्यांना जाते.

वाटणी कशी करायची? अंतरावर करू नका. सगळ्यांत लांबची वस्ती बहुधा सगळ्यांत गरीब असते आणि तिलाच सगळ्यांत जास्त बिल येतं. मग ती मंडळी पाळकांना बोलवायचंच कमी करते. कुटुंबसंख्येवर करा. आठ मंडळ्यांत मिळून 240 कुटुंबं असतील तर कुटुंबामागे महिन्याला 72-73 रुपये पडतात. ज्यांना जमत नाही त्यांचा वाटा मोठ्या मंडळीने उचलायचा, हे पहिल्याच सभेत ठरावात लिहा.

हा आकडा जड वाटत असेल तर आधी नकाशा बघा. सगळी गावं 30-35 किलोमीटरच्या आत असतील आणि पाळक तब्येतीने ठीक असतील तर 125 सीसीची मोटारसायकल पुरते. लिटरला 50 गेली तरी पेट्रोल किलोमीटरला दोन रुपये दहा पैसे. पावसाळ्यात रेनकोट आणि पेटी-पुस्तकांसाठी बंद डिकी लागते, ती आधीच बसवून घ्या. बाहेरून मदत देणाऱ्या संस्थाही दुचाकी आनंदाने देतात. त्यांना छोटा, चोख अर्ज आवडतो: किती मंडळ्या, एकूण किती किलोमीटर, रस्ता कसा, आज प्रवास कसा होतो, तुमचा स्वतःचा वाटा किती, चालवण्याचा खर्च कोण देणार. सोबत बिशप किंवा वरिष्ठांचं शिफारसपत्र आणि विक्रेत्यांची लेखी कोटेशनं. ‘चालवण्याचा खर्च’ हा रकाना मोघम भरला की अर्ज मागे पडतो.

परदेशी पैशाबाबत मात्र जपून. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी उतरावे लागतात. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने ते पैसे दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आहे, दुसरीची नोंदणी असली तरी. म्हणून ‘धर्मप्रांताच्या खात्यात मागवू आणि आमच्या ट्रस्टकडे वळवू’ हा मार्ग बंद झालाय. गाडी नोंदणीधारक संस्थेच्याच नावावर घ्यावी लागेल. आणि वाहन चालवण्याचा आणि देखभालीचा खर्च हा नियमांत प्रशासकीय खर्च धरला आहे, ज्याला एकूण 20 टक्क्यांची मर्यादा आहे. थोडक्यात, परदेशातून गाडी येऊ शकते, पेट्रोल इथेच जमवायचं.

एक वाट मोकळी आहे. दुबईत किंवा अमेरिकेत नोकरी करणारा तुमच्या गावचा माणूस अजून भारतीय पासपोर्टवर असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत फाइलला लावा. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी, ती परकीय देणगी होते.

गाडी कोणाच्या नावावर, इथे सगळ्यांत जास्त घोळ होतो. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाला (ट्रस्टला) कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती वेळखाऊ म्हणून कमिटी पाळकांच्याच नावावर कर्ज काढते आणि हप्ते मंडळीच्या पेटीतून भरते. मग तीन-चार वर्षांत बदली होते. कागदावर गाडी त्यांची, पैसे मंडळीचे, आणि नवे पाळक पुन्हा एसटीने. पाळक वारले तर गाडी वारसांकडे जाते. शिवाय लेखापरीक्षक विचारतो की न्यासाचा पैसा व्यक्तीच्या मालमत्तेत कसा गेला; पाळक स्वतः विश्वस्त असतील तर करसवलतीलाच धक्का लागू शकतो.

दोनच सरळ मार्ग आहेत. पहिला: गाडी न्यासाच्या नावावर, पूर्ण पैसे जमल्यावर, ठराव करून, न्यासाच्या पॅनवर. दुसरा: गाडी पाळकांची, त्यांच्याच पैशाने किंवा त्यांच्याच कर्जावर, आणि मंडळ्या फक्त किलोमीटरचा दर देतील, हप्ता नाही. लहान मंडळ्यांना मी दुसरा सुचवेन. बदलीबरोबर गाडी जाते आणि भांडण उरत नाही. दर मात्र वर काढलेला पूर्ण द्यायचा, नुसतं पेट्रोल नाही. महिन्याला ठरावीक ‘गाडीभत्ता’ लावू नका, तो पगाराचा भाग धरला जाऊन करपात्र होतो. नोंदवहीवर खर्चाची भरपाई करा.

नोंदवहीत तारीख, गाव, निघतानाचं आणि परततानाचं मीटर, कारण, आणि त्या मंडळीच्या सचिवाची सही. सही तिथल्या तिथे घ्या. महिनाअखेरीला एका बैठकीत भरलेली वही बघताच कळते: एकच पेन, सगळे आकडे शून्याने संपणारे.

न्यासाच्या नावावर घेतलीत तर विम्यातली एक फट बुजवून घ्या. मालक-चालकाचं सक्तीचं वैयक्तिक अपघात कवच व्यक्तीच्या मालकीच्या गाडीला मिळतं, संस्थेच्या गाडीला ते लागू होत नाही. म्हणजे पाळकच गाडी चालवत असले तरी त्यांना ते कवच नसतं. पाळकांसाठी स्वतंत्र अपघात पॉलिसी काढा आणि प्रवाशांचं जादा कवच जोडून घ्या. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी नोंदणीच्या, गाडीत लोकांना सभेला नेताना डोईमागे पैसेही घेऊ नका. ते भाडं ठरलं की अपघातात विमा कंपनी हात वर करते. द्यायचंच असेल तर दानपेटीत टाकू द्या, प्रवासाशी न जोडता. रस्ताकर व्यक्तीच्या आणि संस्थेच्या गाडीला वेगळा पडू शकतो, शोरूमकडून ऑन-रोड किंमत न्यासाच्या नावाने लेखी मागा.

वर्गणीच्या पावत्यांबद्दल: निव्वळ धार्मिक न्यासाला देणगीवरची करसवलत (जुनी 80जी) लागू नसते, तसं आश्वासन देणगीदाराला देऊ नका. एका दात्याकडून रोख दोन लाख किंवा जास्त घेता येत नाहीत, आणि विक्रेत्याला पैसे बँकेतूनच द्या. खरेदीची रक्कम न्यासाच्या हेतूसाठी केलेला खर्च म्हणून दाखवली की त्याच गाडीचा घसारा करासाठी पुन्हा वजा करता येत नाही. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे आणि कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा सीएला जुन्या आकड्यांवरून नाही तर मुद्द्यावरून विचारा.

गाडी विकायची वेळ आली की ठराव, निदान दोन खरेदीदारांचे लेखी भाव, आरटीओचे फॉर्म 29 आणि 30. नाव बदलल्याचं आरसी हातात येईपर्यंत फाइल बंद करू नका, मधल्या काळातला अपघात न्यासाच्या नावावर येतो. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. आलेले पैसे गाडीच्या ठेवीतच, आणि मूळ गाडी परदेशी निधीतून असेल तर एफसीआरए खात्यात.